मशीन विचारतं, बाहत की रुपये?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून निवृत्त शिक्षकांनी लिहिलं आहे. गावच्या विहारातल्या १२ जणांचा गट, त्यात ते आणि त्यांची पत्नी, जानेवारीत थायलंड आणि श्रीलंकेला बौद्ध स्थळं पाहायला निघतो आहे. विमान, मुक्काम आणि सकाळचा नाश्ता यांचे पैसे टूरवाल्याला देऊन झाले. दोन वेळचं जेवण, दान, किरकोळ फिरणं आणि खरेदी ज्याची त्याने करायची. अंदाज माणशी ३०,००० रुपये. गटात क्रेडिट कार्ड एकट्या गुरुजींकडे आहे, पेन्शनच्या बँकेचं, मर्यादा १,२०,००० रुपये. बाकीचे बहुतेक कास्तकार. म्हणून सगळ्यांचा खर्च गुरुजींच्या कार्डावर करायचा आणि कापसाचा चुकारा हाती आला की ज्याने त्याने आपला वाटा द्यायचा, असं ठरलं आहे. पुण्याचा पुतण्या म्हणतो, परदेशात कार्डावर चार टक्के कटतात; ते टाळायचे तर मशीनवर ‘रुपये’ निवडा, नाहीतर शून्य शुल्काचं नवं कार्ड काढा. गुरुजी विचारतात: हे चार टक्के कसे वाचवायचे? आणि गटातल्या एकाकडचं किसान क्रेडिट कार्ड तिकडे चालेल का?

गुरुजी, जय भीम.

पुतण्याने सांगितलेला आकडा बरोबर आहे. त्याचा पहिला उपाय चुकीचा आहे आणि दुसरा तुमच्यापुरता अर्धा बरोबर. पण पत्रात तुम्ही ठरूनच गेल्यासारखं जे लिहिलंत, एका कार्डावर अख्खा गट, ते त्या चार टक्क्यांपेक्षा जास्त महागात पडेल असं मला वाटतं. त्याच्याकडे येतेच, आधी चार टक्क्यांचं पाहू.

परदेशात कार्ड वापरलं की व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखं नेटवर्क थायलंडच्या बाहतचे रुपये करतं. तो दर बाजारभावाच्या जवळचा असतो. त्यावर आपली बँक ‘फॉरेन करन्सी मार्कअप’, म्हणजे परदेशी चलनाचं जादा शुल्क लावते, साध्या कार्डांवर बहुधा ३.५ टक्के, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. मिळून ४.१३ टक्के. काही वरच्या दर्जाच्या कार्डांवर मार्कअप २ टक्के असतो, म्हणजे जीएसटी धरून २.३६. तुम्हा दोघा नवराबायकोचे ६०,००० रुपये सगळेच्या सगळे कार्डावर गेले तरी हे शुल्क होतं २,४७८ रुपये. रक्कम छोटी नाही, पण ती आधीपासून माहीत आहे आणि तिच्यापुढे वाढत नाही. ज्या ठिकाणी पैसे न कळत जातात त्या जागा वेगळ्या आहेत.

पहिली जागा म्हणजे तेच ‘रुपये’चं बटण. बँकॉकच्या मॉलमध्ये, हॉटेलात किंवा विमानतळावर कार्ड घातलं की मशीन आपलं कार्ड भारतीय असल्याचं ओळखतं आणि दोन आकडे दाखवतं. एक थाई बाहतमध्ये, समोर टीएचबी लिहिलेलं. दुसरा रुपयांत, समोर आयएनआर. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून बोट तिकडेच जातं. पण तो दर नेटवर्कचा नसतो. दुकानदाराच्या मशीनमागची कंपनी तो ठरवते आणि तिचा नफा त्यातच मिसळलेला असतो. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. वरून आपल्या अनेक बँका ‘परदेशात रुपयांत केलेला व्यवहार’ म्हणून साधारण १ टक्का आणि त्यावर जीएसटी वेगळा घेतात.

आकड्यांत पाहा. हिशेब सोपा व्हावा म्हणून एक बाहत ३ रुपयांचा धरू. खरा भाव निघण्याच्या आठवड्यात पाहून घ्या. बिल २,००० बाहत, म्हणजे ६,००० रुपये. मशीनने ६ टक्के वर लावून ६,३६० रुपये दाखवले आणि तुम्ही तेच निवडलं, तर बँकेचा एक टक्का आणि जीएसटी धरून ६,४३५ रुपये जातील. बाहत निवडलं तर तुमच्या आताच्या साध्या कार्डावरही ६,२४८ रुपयांत भागतं. शून्य मार्कअपचं कार्ड असेल तर ६,०००. म्हणून कार्ड कुठलंही असो, बटण बाहतचंच दाबायचं. बऱ्याचदा दुकानातली मुलगी स्वतःच बटण दाबून मोकळी होते, तेव्हा कार्ड देतानाच ‘थाई बाहत’ एवढं म्हणायचं. पावतीवर आयएनआरचा आकडा दिसला तर तिथून हलू नका. व्यवहार ‘व्हॉइड’ म्हणजे रद्द करून पुन्हा बाहतमध्ये करायला सांगा. गावी परत आल्यावर ही तक्रार चालवणं कठीण जातं, कारण पावतीवर तुमची संमती नोंदलेली असते.

श्रीलंकेत इथे आणखी एक घोटाळा होतो. त्यांचं चलनही रुपयाच आहे. आपल्या एका रुपयाला त्यांचे तीनहून जास्त रुपये येतात. मशीनवर नुसतं ‘रुपी’ वाचून बटण दाबू नका. एलकेआर म्हणजे श्रीलंकन रुपया, तो निवडायचा. आयएनआर म्हणजे आपला, तो नाही.

दुसरी जागा एटीएम. क्रेडिट कार्डाने रोख काढणं हे कर्ज आहे आणि त्याचं व्याज त्याच दिवशी सुरू होतं. बिल येईपर्यंतची जी बिनव्याजी मुदत खरेदीला मिळते, ती रोखीला मिळत नाही. शिवाय थायलंडमधली एटीएम परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी २२० बाहत किंवा जास्त घेतात, रक्कम कितीही असो. समजा ५,००० बाहत काढले, म्हणजे वरच्या भावाने १५,००० रुपये. एटीएमचे २२० बाहत म्हणजे ६६० रुपये. बँकेचं रोख काढण्याचं शुल्क बहुधा २.५ टक्के, पण किमान ५०० रुपये असतं, जीएसटीसह ५९०. मार्कअप जीएसटीसह सुमारे ६४७. महिन्याला ३.७५ टक्के धरून २५ दिवसांचं व्याज आणि त्यावरचा जीएसटी, सुमारे ५७७. बेरीज २,४७४ रुपये. बघा, अख्ख्या सहलीतली सगळी खरेदी कार्डावर करून जेवढं शुल्क लागलं असतं, तेवढं एकाच वेळी पैसे काढण्यात गेलं. त्यामुळे निघण्याआधी बँकेच्या ॲपमधून कार्डावरची परदेशी रोखीची सोय बंदच ठेवा, म्हणजे गर्दीत, घाईत मोह होणार नाही. डेबिट कार्डाने काढावेच लागले तर एकदाच मोठी रक्कम काढा आणि एटीएमने रुपयांत दर दाखवून विचारलं की ‘विदाउट कन्व्हर्जन’ निवडा. नकार दिला तर पैसेच येणार नाहीत अशी भीती वाटते, पण पैसे येतात. नकार फक्त त्यांच्या दराला असतो.

आता गटाचं. तुम्ही सर्वांचे गुरुजी, त्यांनी विश्वासाने तुमच्याकडे पाहिलं, हे मी समजू शकते. पण हिशेब असा आहे. बाकीच्या दहा जणांचे ३०,००० प्रमाणे ३,००,००० होतात आणि कार्डाची मर्यादा १,२०,०००. चौथ्या-पाचव्या दिवशी कार्ड नाकारलं जाईल, तेही जेवणाच्या टेबलावर. समजा बँकेने मर्यादा वाढवून दिली. मग बिल येईल फेब्रुवारीत, आणि भरण्याची तारीख कापसाचा भाव पाहून ठरत नाही. सीसीआयला, म्हणजे कापूस महामंडळाला माल दिला तर चुकारा आधारशी जोडलेल्या खात्यात येईल, व्यापाऱ्याला दिला तर त्याच्या सोयीने, आणि भाव चढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवणारे गटात एक-दोन असतीलच. बिलातले १,००,००० रुपये दीड महिना थकले तर ३.७५ टक्क्यांनी व्याज ५,६२५ आणि जीएसटी १,०१२, म्हणजे ६,६३७ रुपये. ‘किमान रक्कम भरा’ या ओळीने समाधान मानू नका. ती भरली तरी उरलेल्या रकमेवर व्यवहाराच्या तारखेपासून व्याज लागतं, आणि त्यानंतरच्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. हे व्याज कोण देणार, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. ते तुमच्याच पेन्शनमधून जाईल, कारण सोबत यात्रेला गेलेल्या माणसाकडे व्याज मागणं तुम्हाला जमणार नाही.

तुम्ही बाकीच्यांकडून रोख घेऊन बिल भरायचं म्हणाल, तर एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी रोखीने १,००,००० रुपये किंवा जास्त भरले की बँक ती माहिती आयकर खात्याला कळवते. त्यात गुन्हा काही नाही, पण दुसऱ्यांच्या खर्चाचा खुलासा तुम्हाला करावा लागू शकतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं. परदेशात कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर खासगी रुग्णालय बहुधा आधी अनामत मागतं. प्रवासविमा असला तरी पहिली रक्कम अनेकदा आपणच भरतो. साठीच्या पुढच्या १२ माणसांच्या गटात एकमेव क्रेडिट कार्ड आहे, ते अशा वेळेसाठी रिकामं राहिलं पाहिजे. पाड थाईच्या जेवणाच्या आणि टुकटुक रिक्षाच्या बिलांनी ते भरून टाकू नका.

मग गटाने काय करावं? प्रत्येकाने आपापले डॉलर इथूनच घ्यावेत. परकीय चलन विकण्याची परवानगी रिझर्व्ह बँक ठरावीक बँकांना आणि विक्रेत्यांना देते. जिल्ह्याच्या ठिकाणी प्रत्येक शाखेत ते मिळत नाही, म्हणून यवतमाळच्या शाखेत फोन करून मगच जा, नाहीतर नागपूरच्या परवानाधारक विक्रेत्याकडे. पासपोर्ट, पॅन आणि तिकीट लागतं. ५०,००० रुपयांपर्यंतचं चलन रोख देऊन घेता येतं, त्यापुढे खात्यातून द्यावं लागतं. चलनबदलीवरचा जीएसटी नाममात्र आहे, २५,००० रुपयांपर्यंतच्या खरेदीवर ४५ रुपये. पावती जपून ठेवा. ओळखीतून ‘स्वस्तात डॉलर’ देणाऱ्याच्या नादी लागू नका. ना पावती, ना नोट खरी असल्याची खात्री. नोटा १०० किंवा ५० डॉलरच्या आणि कोऱ्या मागा, कारण थायलंडमधले चलन बदलून देणारे सुट्या, चुरगळलेल्या नोटांना कमी भाव देतात. आपले रुपयेही तिकडे बदलून मिळतात, पण भाव डॉलरच्या मानाने वाईट. विमानतळावर फक्त पहिल्या दिवसापुरते बदला. शहरातल्या चलनदुकानांत दर चांगला असतो. उरलेले डॉलर २,००० च्या आत असतील तर परत आल्यावर स्वतःजवळ ठेवता येतात.

एकत्र जेवणासाठी विहाराच्या वर्गणीसारखीच पद्धत चालेल: तिकडे पोचल्यावर प्रत्येकाने सारखेच बाहत काढून एका खजिनदाराकडे द्यायचे, संपले की पुन्हा काढायचे. खजिनदार तुम्ही नका होऊ, दुसऱ्या कुणाला करा. ज्याचा चुकारा डिसेंबरपर्यंत येणार नाही त्याने खर्चाचा अंदाजच कमी धरलेला बरा. मुक्काम आणि नाश्ता दिलेलाच आहे, विहारांत आणि रस्त्यावरच्या खाण्याच्या गाड्यांवर तसंही रोखीनेच काम होतं.

किसान क्रेडिट कार्डाबद्दल. नावात क्रेडिट कार्ड असलं तरी ते पीककर्जाचं खातं आहे आणि त्यावर मिळणारं साधं रुपे कार्ड देशातल्याच वापरासाठी असतं. तिकडे चालणार नाही असं धरूनच निघा. जिल्हा बँकेचं आणि जनधन खात्याचं रुपे कार्डही तसंच. रुपेच्या आंतरराष्ट्रीय कार्डावर डिस्कव्हर किंवा डायनर्स क्लबची खूण असते, ती आहे का ते पाहा. असली तरी सोबत व्हिसा किंवा मास्टरकार्ड हवंच.

तर नवं कार्ड काढावं का? तुमच्या एकट्या या सहलीसाठी कुणी ३,००० रुपये वार्षिक शुल्काचं शून्य मार्कअप कार्ड विकत असेल तर नको. जीएसटी धरून ३,५४० रुपये द्याल आणि वाचवाल जास्तीत जास्त २,४७८. वार्षिक शुल्क नसलेलं मिळत असेल तर जरूर घ्या. पेन्शनवर किंवा शेतीच्या उत्पन्नावर साधं कार्ड नाकारलं गेलं तरी मुदत ठेवीवर कार्ड देणाऱ्या बँका आहेत आणि त्यांतल्या काहींवर मार्कअप शून्य आहे. ठेवीच्या रकमेच्या प्रमाणात मर्यादा मिळते, ठेवीला व्याज सुरूच राहतं, फक्त कार्ड चालू असेपर्यंत ती मोडता येत नाही. गटातल्या ज्याची ठेव पडून आहे त्याच्यासाठी हा मार्ग मला चांगला वाटतो. शाखेत ‘फॉरेन शुल्क नाही ना?’ असं तोंडी विचारून भागत नाही. कार्डाचं शुल्कपत्रक मागा, त्याला एमआयटीसी म्हणतात, आणि त्यात मार्कअपच्या ओळीसमोर शून्य छापलेलं स्वतः वाचा. अर्ज दोन महिने आधी करा. ऑनलाइन कार्डवाल्या अनेक कंपन्या खेड्यांच्या पिनकोडवर कार्ड देत नाहीत आणि व्हिडिओ केवायसी नेटवर्क तुटलं की रद्द होतं. शाखेतून केलेला अर्ज आपल्याकडे जास्त खात्रीचा.

फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायचं कार्डही लोक सुचवतील. तुमच्या रकमेला त्याचा फार फायदा नाही: काढण्याचं शुल्क, भरताना दरातला फरक, उरलेले परत घेताना पुन्हा फरक. आणि डॉलर भरलेलं कार्ड बाहतमध्ये वापरलं की ‘क्रॉस करन्सी’ शुल्क लागतं, म्हणजे टाळायचं होतं तेच पुन्हा मागे लागतं. ज्याला खिशात रोकड बाळगायची भीती वाटते त्याने घ्यावं, पण बाहत भरून देणारंच.

श्रीलंकेत आपलं यूपीआय १२ फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झालं आहे. ॲपमध्ये ‘यूपीआय इंटरनॅशनल’ आधी चालू करावं लागतं. तुमच्या बँकेला ती सोय आहे का ते तिथेच कळतं. पिन टाकण्याआधी रुपयांतली रक्कम दिसते, तिच्यात बँकेचं शुल्क धरलेलं असू शकतं, तेव्हा पाहून मगच पिन टाका. थायलंडच्या दुकानांत दिसणाऱ्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालेल या भरवशावर मात्र जाऊ नका.

निघण्याच्या आठवड्यात एवढं करा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर परदेशी वापर बंदच असतो. ॲपमधून दुकानातला परदेशी वापर चालू करा, ऑनलाइन बंद ठेवा, रोजची मर्यादा ठरवा. चार आकडी पिन पाठ असू द्या. बँकेत नोंदलेलं सिम फोनमध्येच ठेवा आणि त्यावर रोमिंग सुरू करा, नाहीतर ओटीपी गावाकडच्या घरी राहिलेल्या फोनवर येत राहतील. बिल आपोआप पूर्ण भरलं जाईल अशी सूचना बँकेला द्या, त्यात ‘किमान’ नव्हे तर ‘पूर्ण रक्कम’ निवडलेली आहे ना ते बघा. थायलंडचं डिजिटल आगमनपत्र १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे आणि मोफत आहे. त्यासाठी कार्डाचा नंबर मागणारं संकेतस्थळ बनावट समजा.

टूरवाल्याच्या पावतीवर टीसीएस म्हणून घेतलेली रक्कम असेल. ते शुल्क नाही, आगाऊ कर आहे, आणि ज्याच्या पॅनवर जमा झाला त्याच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या करजमा नोंदीत दिसतो. तुमच्या कास्तकार सोबत्यांचं उत्पन्न करपात्र नसेल तर विवरणपत्र भरून तो परत मिळतो; विवरणपत्र भरलं नाही तर तिथेच राहतो. म्हणून टूरवाल्याने १२ जणांचे १२ पॅन वेगळे नोंदलेत की सगळे तुमच्याच नावावर टाकलेत, हे आजच विचारा.

कार्ड हरवलं तर त्याच मिनिटाला ॲपमधून बंद करा आणि बँकेला कळवा. तुमची चूक नसताना झालेला गैरव्यवहार बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला तर नुकसान तुमच्यावर येत नाही. परतल्यावर बिलातल्या प्रत्येक परदेशी व्यवहारापुढे बाहतचा मूळ आकडा आहे का ते पावत्यांशी ताडून पाहा. जिथे तो नाही आणि थेट रुपयेच आहेत, तिथे मशीनने रुपयांत कापलं आहे. चुकीचं शुल्क वाटलं तर बँकेकडे लेखी तक्रार करा आणि क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तिथे पैसे लागत नाहीत.